दांडा खांद्यावर घ्यायचा नाही

माझ्या धंद्याला काशीच्या ब्रह्मा घाटावरची मंडळी आजही हमाली म्हणतात. म्हणू देत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर मोठ्या कौतुकाने विषय सांगितला, ‘खेळाडू ते उद्योजिका’, आणि वर म्हणाले, जरा प्रेरणादायी होऊ द्या. मी म्हटलं, प्रेरणा तुमच्याकडेच राहू द्या, मी खुर्चीबद्दल लिहीन.

खुर्ची म्हणजे माझा धंदा. बनारसच्या गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत येत नाही, आणि गल्ली संपली की गंगेपर्यंत उभ्या पायऱ्या. धडधाकट माणसाची मांडी भरून येते, तिथे ऐंशी वर्षांच्या आजीने काय करायचं? आम्ही तिला खुर्चीत बसवतो, खुर्चीला दोन्ही बाजूंनी दोन लांब दांडे असतात, चार माणसं ते धरतात आणि तिला पाण्यापर्यंत नेऊन परत वर आणतात. कुणी गल्लीत आजारी पडलं तर त्याला मैदागिनच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सपर्यंतही आम्हीच नेतो. पंचगंगा घाटापासून अहिल्याबाई घाटापर्यंत आज ज्या निळ्या खुर्च्या दिसतात त्या माझ्या. त्या उचलणाऱ्यांना महिन्याचा पगार आहे, आजारपणाची रजा आहे, आणि त्यांत बायकाही आहेत.

या खुर्चीत न्यायाधीश बसले, महंत बसले, आयुष्यभर कुणाचं न ऐकलेल्या खाष्ट सासवा बसल्या. एक माणूस मात्र बसत नव्हता, ते म्हणजे माझे वडील. लोकांना मी माझं यश सांगायला लागले की त्यांना विचारावंसं वाटायचं ते एवढंच, आणि काही जण विचारायचेही. म्हणून तेच आधी सांगून टाकते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मंगला गौरीच्या देवळामागे आमचं घर, आणि त्या देवीवरूनच माझं नाव मंगला. पिढ्यान्पिढ्या काशीत राहिलेले आम्ही मराठी लोक. घरात मराठी बोलतो, भांडण रंगलं की हिंदीवर जातो. अण्णा वैदिक. वरच्या मजल्यावर त्यांनी आयुष्यभर मुलांना ऋग्वेद शिकवला. वेद पोथीतून शिकत नाहीत, कानाने शिकतात. गुरूने एक तुकडा एकदा म्हणायचा, समोरच्या मुलाने तो लगेच दोनदा म्हणायचा. चुकला की पुन्हा. याला संथा म्हणतात. मुलींना संथा देत नाहीत. मी जिन्यात बसून ऐकायची. अण्णांना ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं, पण त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

वर बसू देत नाहीत ना, मग मी खाली काय करायचं ते माझं मी ठरवीन, असं माझं तेव्हापासूनच होतं. कॉलेजच्या व्यायामशाळेत वजन उचलायला शिकवणारे एक सर होते. मी गेले आणि तिथलीच झाले. अण्णा म्हणाले, “वेदमूर्तींच्या घरातली मुलगी लोखंड उचलते, हे ऐकायचंच राहिलं होतं.” आई मात्र माझ्या भातावर तुपाची धार जरा लांब धरायला लागली. पुढे मी राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणली. खेळाच्या कोट्यातून एका सरकारी खात्यात लागले. कागदावर मी कारकून होते, पण पगार वजन उचलण्याचा मिळायचा. माझ्यासारख्यांचं पोट त्यावरच चालतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग एका स्पर्धेत डोक्यावर नेलेलं वजन मागे गेलं आणि माझा डावा खांदा त्याच्याबरोबर गेला. आत धातूची पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. साहेब म्हणाले, “मॅडम, आता आराम. टेबल आहे, पंखा आहे, निवृत्तीपर्यंत आराम.” मला त्या शब्दाचा इतका संताप आला की आजही कुणी मला आराम करा म्हटलं तर मी खुर्ची सोडून उठते.

त्याच काळात आई जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स मैदागिनला येऊन थांबली, त्यापुढे तिला येताच येईना. शेजारच्या चौघांनी आईला चादरीत घेतलं. भली माणसं होती बिचारी, पण उचलणं कुणाला येत होतं? एक पुढे ओढतोय, एक मागे रेंगाळतोय, वळण आलं की चादर भिंतीला घासायची आणि आई ओरडायची. मी मागून चालत होते, रिकाम्या हाताने. आयुष्यभर वजन उचलून जेवलेली बाई मी, आणि मला माझी आई उचलता आली नाही.

आई वाचली, पण त्यानंतर घराबाहेर पडली नाही. तिची गंगा बंद झाली. अण्णा रोज पहाटे स्नान करून तिच्यासाठी तांब्याभर पाणी आणायचे आणि ती ते डोळ्यांना लावायची. दोन वर्षांत ती गेली. खुर्ची तिच्यानंतर आली, आणि माझ्या सगळ्या धंद्यात सलणारी गोष्ट ही एकच आहे.

मी नोकरी सोडली तेव्हा मुहल्ल्यात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. सरकारी नोकरी सोडून माणसं उचलणार? अण्णांनी मात्र एवढंच म्हटलं, “चौघांनी उचलायची वेळ माणसावर एकदाच येते. तू ती रोज आणणार?” काशीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीतून दिवसभर अर्थी, म्हणजे तिरड्या, जातात. चार खांद्यांवरून जाणारा माणूस म्हणजे मेलेला माणूस, हे इथलं पोरसुद्धा ओळखतं. म्हणून मी पहिल्या दिवशी एक नियम केला आणि तो आजतागायत मोडलेला नाही: दांडा खांद्यावर घ्यायचा नाही. गळ्यातून पट्टा घालायचा, दांडा हाताच्या उंचीवर ठेवायचा. बसलेल्या माणसाचं डोकं उचलणाऱ्यांच्या डोक्याच्या फार वर जाता कामा नये. जिवंत माणसाने जिवंत माणसांच्या बरोबरीने चालावं.

आता थोडं उचलण्याबद्दल. लोकांना वाटतं, ताकद असली की झालं. लोखंड आणि माणूस यांच्या वजनात फरक आहे. लोखंड घाबरत नाही. माणूस पहिल्या पायरीला घाबरतो, पुढच्याची मान पकडतो, आणि तिथेच सगळ्यांचा तोल जातो. यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. शेवटी उपाय निघाला तो इतका साधा की मलाच हसू आलं. बसणाऱ्याच्या दोन्ही हातांत गंगाजलाचा रिकामा तांब्या द्यायचा आणि सांगायचं, हा सांभाळा, पडू देऊ नका. माणूस तांब्या सांभाळण्यात गुंततो, स्वतःला विसरतो. बायका तर असा सांभाळतात की विचारू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे, वजन कुणाला विचारायचं नाही. वजन विचारलं की माणसं खोटं बोलतात. नागपूरचे एक शेठजी मला हसत हसत म्हणाले, “मी काय, फुलासारखा.” मी त्यांच्याकडे नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यात दणकट चौघांना हाक मारली. नजरेने वजन ओळखणं ही माझी जन्माची कमाई आहे, ती खांद्याबरोबर गेली नाही.

माझी पहिली खुर्ची मात्र चुकीची होती. उतरताना माणूस पुढे कलंडू नये म्हणून मी त्याचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे गंगेकडे पाठ, असं बसवत होते. मला वाटलं, काय नामी युक्ती. वाईचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते, काठी टेकत, दोन्ही गुडघे गेलेले. अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, गंगा कुठे आहे?” मी म्हटलं, तुमच्या मागे. ते म्हणाले, “खाली ठेवा मला.” खुर्ची टेकवली तसे ते उतरले, पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली जायला लागले. धोतर मळलं, हात खरचटले, तरी थांबेनात. मी विनवण्या केल्या. म्हणाले, “सबंध आयुष्य हिला पाहायचं म्हणून काढलं, आणि हिला पाठ दाखवत जाऊ? तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ.”

काशीत जन्मलेली मी, आणि हे मला वाईच्या माणसाने शिकवावं? दुसऱ्याच दिवसापासून मी ट्रकवरचं सामान बांधायचे, लांबी कमीजास्त करता येणारे जाड पट्टे आणून त्यांच्या मागे लागले. पुढच्या दोघांचे पट्टे आखूड, मागच्या दोघांचे लांब. मग पुढचे खालच्या पायरीवर असले तरी त्यांच्या बाजूचा दांडा वर राहतो, खुर्ची पाटासारखी सपाट राहते, आणि माणूस खुशाल गंगेकडे तोंड करून बसतो. चढताना उलटं करायचं, पुढे लांब, मागे आखूड. हा पट्टा लावायचा-सोडायचा प्रकार आज दुसरे दोघे-तिघे करायला लागलेत. करू देत. पण मूळ कुणाचं, ते सगळ्या घाटांना ठाऊक आहे.

आता लल्लनबद्दल. माझा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला माणूस. पूर्वी तो अर्थी उचलायचा. बाहेरगावची माणसं प्रेत घेऊन येतात, बरोबर दोघेच असतात, खांदे कमी पडतात, तेव्हा लल्लन आणि त्याचे सोबती जायचे. पायरी पायरी पाठ, पाऊल एकमेकांशी जुळलेलं. मी त्यांनाच घेतलं. लोकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, या गल्ल्यांत चौघांनी मिळून चालायची विद्या दुसऱ्या कुणाला येत असेल तर आणा. कुणी आणलं नाही.

आणि मग त्यांच्याच सवयीने मला रस्त्यावर आणलं. अकोल्याच्या गोदाबाई म्हणून एक आजी होत्या, बरोबर मुलगा आणि सून. चौखंब्याच्या गल्लीतून खुर्ची निघाली. गर्दी होती, समोर सांड आडवा बसलेला, तो कसाबसा उठवला. जरा वाट मोकळी झाली, चौघांचं पाऊल जुळलं, आणि पाऊल जुळल्याबरोबर लल्लनच्या तोंडून आपसूक निघालं, “राम नाम सत्य है.” बाकीच्या तिघांनी तितक्याच आपसूक जबाब दिला, “सत्य बोलो गत्य है.”

गल्ली झरकन बाजूला झाली. फुलवाला उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. खुर्चीत गोदाबाई, मांडीवर तांब्या, डोळे टक्क उघडे. फुलवाल्याने ते डोळे पाहिले आणि तो मटकन खाली बसला. लल्लन जीभ चावून उभा, “जबान फिसल गयल, दीदी.” मुलगा माझ्या अंगावर धावून आला. गोदाबाईंनी एकदा लल्लनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अरे बाबांनो, आधी अंघोळ तरी करू द्या.” पुढे स्नान करून आल्यावर मुलाला म्हणाल्या, “ओरडू नकोस. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. आता मी तुमच्या मागे दहा वर्षं लागणार.” हे ऐकून सुनेचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आजी हसल्या, पण मुलगा हसला नाही. त्याने ते उतरले होते त्या धर्मशाळेत, देवळात, पुरोहितांकडे सगळीकडे सांगितलं. ती बाई जिवंत माणसाची अंत्ययात्रा काढते. मराठी यात्रेकरू यायचे थांबले. ज्यांनी पाठवलेल्या यात्रेकरूंवर मी धंदा उभा केला ते पुरोहितच खुर्ची नको म्हणायला लागले. आणि घरी अण्णा. जेवता जेवता म्हणाले, “मी काय म्हणालो होतो?” बस, एवढंच. मी ताटावरून उठले.

त्याच सुमारास अण्णांचे गुडघे धरत चालले होते. आधी काठी, मग कुणाचा तरी हात, मग एक दिवस ते पंचगंगेच्या मधल्या पायरीवरच बसून राहिले आणि दोघांनी धरून त्यांना घरी आणलं. त्यानंतर गंगा बंद. ज्या माणसाने जन्मभर एक दिवस न चुकता पंचगंगेवर स्नान केलं, तो मोरीत बादलीपाशी बसून अंगावर तांब्या ओतायला लागला. मंत्र तेच, आवाज मात्र बसलेला. मला ते मोरीच्या दाराबाहेरून ऐकवत नसे. मी म्हटलं, “अण्णा, माझी खुर्ची दारात आहे. एकदा बसा.” ते म्हणाले, “आणि तुझ्या माणसांनी माझं राम नाम सत्य केलं म्हणजे?” मी म्हटलं, “मग इथेच बसा मोरीत.” आमच्या घरात हट्टाची कमी कधीच नव्हती. तो दोघांनी सारखा वाटून घेतला होता.

मी माणसांना ताकीद दिली, तोंडातून रामाचं नाव काढायचं नाही. झालं भलतंच. तोंड बंद झालं आणि पाऊल चुकायला लागलं. चौघं चार दिशांना. खुर्ची डुलायची, बसलेली माणसं किंचाळायची. व्यायामशाळेसारखं एक-दोन, एक-दोन करून पाहिलं, तेही जमेना. घाटाची पायरी एकसारखी कुठे असते? एक वीतभर, दुसरी हातभर, तिसरी तुटकी, चौथीवर पुराने आणलेला गाळ. पुढच्याला पायरी दिसते, मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. लल्लन म्हणाला, “दीदी, मुर्दा आसान हौ.” मी म्हटलं, माहीत आहे मला, म्हणून तर हा धंदा आहे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी जिन्यात बसले होते. लहानपणीचीच पायरी, तीच जागा. डोकं गुडघ्यात. वर अण्णा मुलांना संथा देत होते. पाय गेले तरी शिकवणं सुटलं नव्हतं. अण्णा एकदा, मुलं दोनदा. अण्णा एकदा, मुलं दोनदा. हजारो वेळा ऐकलेलं, पण त्या दिवशी माझं लक्ष मुलांच्या त्या दोनदा म्हणण्याकडे गेलं. दोनदा म्हणायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात मागच्याचं पाऊल पुढच्याच्या जागी येतं. मी तशीच उठून अनवाणी घाटावर गेले.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. पुढचा माणूस पायरी बघतो आणि एकदा सांगतो, “ऊंची.” मागचे दोघे म्हणतात, “ऊंची, ऊंची.” दुसऱ्या ऊंचीला त्यांचा पाय बरोबर त्या पायरीवर पडतो. ओल्या पायरीला “गीली.” “गीली, गीली.” “टूटी.” “टूटी, टूटी.” वळण आलं तर “मोड”, सांड आला तर “सांड”. बसलेल्या म्हाताऱ्यालाही पुढे काय आहे ते कळतं, त्याची भीती निम्मी होते. कित्येक आजोबा तर तिसऱ्या पायरीपासून स्वतःच सुरात सूर मिळवतात. त्या हिवाळ्यापासून आजपर्यंत आमच्या खुर्चीतून एकही माणूस पडलेला नाही. हळूहळू लोक परत आले. ज्या पुरोहितांनी दार लावलं होतं त्यांनीच आपल्या आया आणून बसवल्या. मी कुणाला काही बोलले नाही. म्हणजे एक-दोघांना बोलले, पण तेवढा माझा हक्क होता.

ही पद्धत मला कुठून सुचली, हे मी अण्णांना सांगितलं नव्हतं. मुलींना न दिलेली विद्या मी जिन्यातून उचलली आणि अर्थी उचलणाऱ्यांना दिली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगू, सांगायला भीती नव्हती. पण विटाळ झाल्यासारखं त्यांनी ‘शिव शिव’ म्हटलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. कार्तिक म्हणजे पंचगंगेचा महिना. पहाटेपासून घाटावर पाय ठेवायला जागा नसते, बांबूंवर आकाशदिवे टांगलेले असतात. अण्णांचा पहिला कार्तिक मोरीत चालला होता. मी दारात खुर्ची लावून पट्टे तपासत होते. शेजारचे काका स्नान करून वर आले. ओलं धोतर, कपाळाला गंध, मोठे कर्मठ. थांबले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “काय मंगला, जगाला गंगेवर नेतेस, आणि बाप बादलीत?” मी पट्टा ओढून पाहत राहिले. तेवढ्यावर थांबते तर ते काका कसले. लल्लनकडे बोट दाखवून म्हणाले, “पण अण्णांचं बरोबर आहे म्हणा. अर्थी उचलणारे हात हे. त्यांनी नेलेल्या स्नानाचं पुण्य ते कसलं लागणार?”

लल्लनला मराठी येत नाही, पण एवढं त्याला कळलं. त्याने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान पाहिली आणि तिडीक माझ्या मस्तकात गेली.

मी म्हटलं, “काका, तुमची मुलं अमेरिकेत. तुमच्या वेळी खांदे कमी पडणार आहेत. तेव्हा याच हातांना बोलवावं लागेल. आत्ताच विचारून ठेवा, येतील का.”

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, “मंगले.”

अण्णा खिडकीशी उभे होते, गज धरून. मला वाटलं, आता वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत शिकवतील. ते म्हणाले, “ती खुर्ची जिन्याने वर येते का?”

“येते,” मी म्हटलं.

“मग आण. आणि माझा तांब्या घे, तुझा रिकामा नको.”

मागचा उजवा माणूस त्या दिवशी तापाने पडला होता. त्याच्या जागी दुसऱ्याला हाक मारता आली असती. मी पट्टा घेतला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. लल्लन म्हणाला, “दीदी, कंधा?” मी म्हटलं, पट्टा उजव्या खांद्यावर आहे, डॉक्टरने डाव्याची मनाई केली होती. डॉक्टरने नेमकी कशाची मनाई केली होती ते मला पक्कं ठाऊक होतं. पण एकदा रिकाम्या हाताने मागून चालले होते, ते परत चालणार नव्हते.

काकांच्या समोरून आम्ही निघालो. अण्णांनी त्यांच्याकडे पाहून नमस्कार केला, तांब्यासकट. गल्ली, मग मंगला गौरीचं वळण, मग पायऱ्या. लल्लन पुढून सांगत होता, आम्ही मागचे दोघं दोनदा म्हणत होतो. अण्णांची फक्त पाठ मला दिसत होती. गंगा दिसली तेव्हा त्या पाठीचा थरकाप दांड्यातून माझ्या हातापर्यंत आला. शेवटच्या पायरीवर आम्ही त्यांना पाण्यात उतरवलं. लल्लनने त्यांना काखेतून धरलं होतं. अण्णांनी बुडी मारली, वर आले, आणि परत त्याच हाताला धरून दुसरी बुडी मारली. मी तोंड फिरवून पट्टे बदलत राहिले, पुढचे लांब, मागचे आखूड.

चढायला सुरुवात केली. लल्लन पहिली पायरी सांगायला तोंड उघडतोय, तोच अण्णांचा आवाज आला, “गीली.”

तो चमकला. आम्ही सगळेच चमकलो. अण्णांचे डोळे मिटलेले होते. त्या पायऱ्या त्यांच्या पायांना जन्मभर पाठ होत्या, बघायची गरजच नव्हती. आणि शब्द सगळे आमचे होते. वरच्या खिडकीत बसून त्यांनी ते रोज ऐकले होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. आपली संथा आपल्या गल्लीत कोण म्हणतंय, हे त्यांना कळल्यावाचून राहिलं होतं थोडंच?

“ऊंची,” अण्णा म्हणाले. शिकवताना असायचा तोच आवाज, बसलेला नव्हे, वरच्या मजल्यावरून जिन्यात उतरायचा तो. आता पुढे लल्लनसुद्धा दोनदा म्हणत होता. “ऊंची, ऊंची.” “टूटी.” “टूटी, टूटी.” खांदा ठणकत होता, तो ठणकू दे. मला रडू फुटलं होतं, आणि दांडा हातात असताना डोळे पुसता येत नाहीत. पुढची पायरी आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द जेमतेम एकदाच निघाला.

खुर्ची थांबली. अण्णांनी हात वर करून ती थांबवली होती. मागे न वळता, डोळे न उघडता ते म्हणाले, “मंगले, संथा दोनदा म्हणायची असते.”

मी दोनदा म्हटलं.